आधी प्रश्न, मग प्रवेश
पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाची मार्गदर्शिका : प्रस्तावना

शहराला पिण्याजोगे पाणी पुरवणे, वापरलेले पाणी शुद्ध करून नदीत सोडणे, कचऱ्याची विल्हेवाट लावणे, कारखान्यांच्या नि वाहनांच्या धुराला आवर घालणे, बिघडलेली जमीन आणि भूजल पुन्हा वापरात आणणे, ही कामे ज्या विद्येच्या बळावर होतात ती पर्यावरण अभियांत्रिकी. तिच्यात रसायनशास्त्र आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, द्रवांच्या प्रवाहाचे गणित आहे, संख्याशास्त्र आहे. आणि या सगळ्यांच्या मुळाशी लोकांच्या आरोग्याची काळजी आहे. या विद्येत पदवीच्या पुढे शिकावेसे वाटणाऱ्या, पण ‘अर्ज कुठे करायचा’ आणि ‘पैसे कुठून आणायचे’ या दोन प्रश्नांपाशी अडलेल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हे पुस्तक आहे.

हे दोन प्रश्न आपल्याकडे सहसा वेगवेगळ्या माणसांना विचारले जातात. प्रवेशाचे कॉलेजातल्या सरांना किंवा सीनियरना, आणि पैशाचे बँकेत किंवा नातेवाइकांना. माझे सांगणे असे आहे की या क्षेत्रात दोन्हींचे उत्तर पुष्कळदा एकाच ठिकाणी मिळते. तुम्ही पाण्याचा, हवेचा किंवा मातीचा कोणता प्रश्न सोडवायला निघाला आहात, हे एकदा स्पष्ट झाले की कुठे शिकावे तेही कळू लागते आणि खर्च कोण उचलील तेही. असे का, हे समजण्यासाठी या विद्येचा इतिहास थोडक्यात पाहायला हवा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य मंडळाने लॉरेन्स या गावी सांडपाण्यावरील प्रयोगांसाठी एक केंद्र उघडले. त्याच मंडळासाठी एलन स्वॅलो रिचर्ड्स यांनी राज्यभरातल्या पाण्याच्या हजारो नमुन्यांचे पृथक्करण केले. १८७३ मध्ये एमआयटीतून पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. इंग्लंडमध्ये १९१४ साली मँचेस्टर शहराच्या सांडपाणी केंद्रावर काम करणाऱ्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यातून हवा खेळवली, खाली बसलेला गाळ फेकून न देता तो पुढच्या सांडपाण्यात मिसळला, आणि आठवड्यांचे शुद्धीकरण काही तासांवर आणले. गाळातले जिवंत सूक्ष्मजीव हे काम करतात. जगभरच्या असंख्य शुद्धीकरण केंद्रांत आजही वापरली जाणारी ‘अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज’ प्रक्रिया ती हीच. या प्रयोगाची कल्पना त्या दोघांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर यांना लॉरेन्सचे केंद्र पाहिल्यावर सुचली होती. पुढे ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

आपल्याकडे १९५८ साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झाले. आज सगळे तिला ‘नीरी’ म्हणूनच ओळखतात. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा, पण महाराष्ट्राने त्याआधीच १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घडली. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्यानंतरचा.

या इतिहासात एक धागा सलग आहे. राज्याचे आरोग्य मंडळ, शहराची नगरपालिका, केंद्र सरकारची प्रयोगशाळा : या विद्येला जन्मापासून पोसले ते सार्वजनिक पैशाने, कारण तिचे प्रश्नही सार्वजनिक होते. आजही संशोधक विद्यार्थ्याला मिळणारे विद्यावेतन हे बहुतेक वेळा एखाद्या सार्वजनिक प्रश्नाच्या उत्तरासाठी मंजूर झालेल्या पैशातून येते. म्हणून विद्यावेतन मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. तुम्ही काम करायला तयार आहात, असे सांगत आहात. ते काम कोणते, हे मात्र तुम्हाला सांगता आले पाहिजे.

काम कसे शोधावे, याचे उत्तम उदाहरण नीरीचेच आहे. आंध्रातल्या नलगोंडा जिल्ह्यात (आज तो तेलंगणात आहे) भूजलातल्या फ्लोराइडमुळे लोकांचे दात आणि हाडे बिघडत होती. नीरीच्या संशोधकांनी तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांच्या मात्रा ठरवून फ्लोराइड कमी करण्याची पद्धत बसवली आणि तिला त्या जिल्ह्याचेच नाव दिले. तिन्ही वस्तू बाजारात मिळणाऱ्या, आणि कृती गावपातळीवर करता येण्याजोगी. तिच्या मर्यादाही पुढच्या संशोधनातून दिसल्या : गाळ बराच निघतो, आणि मात्रा चुकली तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरते. या मर्यादांतून पुढच्या पिढीच्या संशोधकांना नवे विषय मिळाले. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांना फ्लोराइडचा हा त्रास आजही आहे.

आपल्या भोवतीही असे प्रश्न पुष्कळ आहेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर मुंबईवर पसरला. चंद्रपुरात कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र शेजारी शेजारी आहेत. पण ‘पंचगंगा प्रदूषित आहे’ हे वाक्य म्हणजे तक्रार झाली, संशोधनाचा विषय नव्हे. ‘कापड प्रक्रियेच्या सांडपाण्यातला रंग कोणत्या पद्धतीने, किती खर्चात आणि किती गाळ मागे ठेवून काढता येईल’ हा विषय झाला, कारण त्यात मोजता येण्याजोगे काही आहे आणि उत्तर चुकीचे ठरण्याची शक्यताही आहे. तक्रारीपासून विषयापर्यंत पोहोचणे ही पदव्युत्तर शिक्षणाची खरी पूर्वतयारी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. आपल्या गावचे जलशुद्धीकरण केंद्र किंवा सांडपाणी शुद्धीकरण केंद्र (एसटीपी) परवानगी घेऊन पाहावे, तिथल्या ऑपरेटरशी बोलावे, प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रसिद्ध केलेले पाणी-हवेचे आकडे वाचावेत, केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणावरच्या पुस्तिका चाळाव्यात.

हे क्षेत्र कोणासाठी आहे? सिव्हिल, केमिकल आणि पर्यावरण अभियांत्रिकीचे पदवीधर सहज येतात. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊन एम. एस्सी. झालेल्यांनाही पुष्कळ ठिकाणी वाट आहे, विशेषतः पीएचडीला. काही विद्यापीठे त्यांना गणिताचे आणि द्रवयांत्रिकीचे एक-दोन पूरक विषय घ्यायला लावतात. त्याने बिचकू नये. या शास्त्राचे पहिले हत्यार म्हणजे वस्तुमानाचा ताळेबंद : आत किती आले, बाहेर किती गेले, मध्ये किती बदलले आणि किती साठले. घरचा जमाखर्च ज्याला लिहिता येतो त्याला त्यामागचा विचार कळायला वेळ लागत नाही. पुढे त्याच विचाराला विकलनाच्या समीकरणांचे रूप येते, आणि त्यासाठी मात्र सराव लागतो.

आता वाटा. पहिली वाट देशातली. ‘गेट’ परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी हा स्वतंत्र पेपर आहे. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांतले १५ गुण सर्वसाधारण क्षमतेचे. गुणांक तीन वर्षे चालतो. आयआयटींच्या एम. टेक.च्या जागा ‘कोॲप’ या सामाईक पोर्टलवरून स्वीकारायच्या असतात, तर एनआयटींचे प्रवेश ‘सीसीएमटी’तून होतात. मात्र आयआयटींना मूळ अर्ज प्रत्येक संस्थेकडे वेगळा करावा लागतो. गेटचा निकाल लागला की आपोआप बोलावणे येईल अशा समजुतीने थांबलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात, म्हणून हे ठळकपणे सांगतो. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईचा पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी विभाग आहे. नागपूरचे व्हीएनआयटी, मुंबईचे व्हीजेटीआय आणि सांगलीचे वालचंद कॉलेज येथेही या विषयात एम. टेक. करता येते. नीरीमध्ये ‘अ‍ॅक्सिर’ या अकादमीमार्फत पीएचडी होते.

गेटमधून एम. टेक.ला आलेल्या पात्र विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. त्या बदल्यात आयआयटीसारख्या संस्थांत आठवड्याला आठ तास प्रयोगशाळेत किंवा शिकवण्यात मदत करायची असते. मुंबईसारख्या शहरात ही रक्कम वसतिगृहात राहून कशीबशी पुरते. घरी पाठवायला उरत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. आयआयटी मुंबईत संशोधन सहायक म्हणून तीन वर्षांत एम. टेक. करण्याचीही सोय आहे. पीएचडीची स्थिती पुष्कळ चांगली आहे. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. त्यावर नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ७०,००० पासून सुरू होऊन शेवटच्या वर्षांत ८०,००० पर्यंत जाते. राज्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांसाठी महाज्योती या संस्था पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती येतात तेव्हा मुदत थोडी असते. जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे जाहिरातीची वाट न पाहता तयार ठेवावीत.

दुसरी वाट परदेशातली, आणि तिथे देशागणिक रीत बदलते. अमेरिकेत एम. एस. आणि पीएचडी यांच्यातला फरक प्रथम समजून घ्यावा. एम. एस.चे बहुतेक विद्यार्थी स्वतःच्या पैशाने शिकतात. थीसिस करणाऱ्या काहींना असिस्टंटशिप मिळते. पीएचडीला मात्र फी माफ आणि वर दरमहा विद्यावेतन अशी रीत आहे, आणि बी. टेक.नंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. हा पैसा पुष्कळदा प्राध्यापकाला मिळालेल्या संशोधन अनुदानातून येतो. म्हणून तिथे विद्यापीठाच्या नावाइतकेच प्राध्यापकाच्या हातातल्या प्रकल्पाला महत्त्व असते. २०२५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या संशोधन अनुदानांना कात्री लागली, तेव्हा अनेक विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेशही कमी केले. तेव्हा ‘हे अनुदान किती वर्षांचे आहे आणि ते संपल्यावर विभाग काय करतो’ हे भावी गाइडला नम्रपणे विचारायलाच हवे. चांगला गाइड या प्रश्नाने दुखावत नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदव्युत्तर अधिछात्रवृत्ती अमेरिकी नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठीच असते, तिच्या मागे लागू नये. आणखी एक संकेत उपयोगी आहे : तिथल्या बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार विद्यावेतनासह आलेल्या प्रस्तावाचे उत्तर १५ एप्रिलपूर्वी देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. घाईने होकार देऊन नंतर पस्तावण्यापेक्षा ही मुदत वापरावी.

युरोपचे गणित वेगळे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही; बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च एका खास खात्यात आधीच भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. फी नाही म्हणजे खर्च नाही, असे समजून निघालेल्या कुटुंबाची इथेच तारांबळ उडते. दोन वर्षे नोकरी केलेल्यांसाठी ‘डाड’ संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती आहे आणि तिच्या यादीत पाण्याचे अभ्यासक्रम असतात. इरास्मस मुंडुस योजनेखाली गेंट, प्राग आणि डेल्फ्ट येथील संस्था मिळून पर्यावरण तंत्रज्ञानाचा संयुक्त अभ्यासक्रम चालवतात. या योजनेची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा १,४०० युरो आणि फी माफ. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. नगरपालिकेत, प्रदूषण मंडळात किंवा सल्लागार कंपनीत दोन-तीन वर्षे काढलेल्यांनी ‘आता उशीर झाला’ असे म्हणू नये. युरोपातल्या पुष्कळ दारांची किल्ली तो अनुभवच आहे.

देशातूनच परदेशी शिक्षणाला मदत करणाऱ्या योजना जुन्या आहेत. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे, आणि राज्याची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. त्या नावामागे इतिहास आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर या पदवीधराला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी शाहू महाराजांनीही त्यांना मदत केली. १९२७ साली त्याच विद्यार्थ्याने महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क सांगितला. यातून आपल्या क्षेत्राला दोन गोष्टी कळतात. शिष्यवृत्तीला अटी असतात, तेव्हा सही करण्यापूर्वी करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. आणि पाण्याचा अभ्यास करणाऱ्याने ते शुद्ध आहे का हे तपासून थांबू नये. ते कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापर्यंत नाही, हेही विचारावे.

एवढे करूनही कर्ज काढावे लागू शकते. शैक्षणिक कर्जात गैर काही नाही. जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावटही मिळते. पण शेत किंवा घर तारण ठेवण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून तीन आकडे कागदावर मांडावेत : पूर्ण अभ्यासक्रमाचा एकूण खर्च, कर्जाचा दरमहा हप्ता, आणि त्या देशात काम न मिळता परत यावे लागले तर भारतात मिळणारा पगार. तिसऱ्या आकड्याला दुसरा पेलत नसेल, तर त्या वर्षी जाऊ नये. परदेशी प्रवेश करून देणाऱ्या अनेक सल्लागारांना विद्यापीठांकडून कमिशन मिळते. त्यांच्या शिफारशी ऐकताना हे ध्यानात ठेवावे. फीमाफीची किंवा अर्जशुल्क माफ करण्याची विनंती विद्यापीठाला थेट ईमेलने करता येते, आणि ती मान्य होते असे अनुभव पुष्कळ आहेत.

अर्जाच्या मजकुराविषयी या पुस्तकात दोन प्रकरणे आहेत. त्यांचे सार इथे सांगतो. ‘लहानपणापासून मला निसर्गाची आवड आहे’ अशा वाक्याने सुरू होणारा एसओपी (अर्जासोबतचे उद्देशपत्र) निवड समितीने असंख्य वेळा वाचलेला असतो. त्याऐवजी तुमचा प्रश्न लिहा, त्यावर तुम्ही आतापर्यंत काय केले ते लिहा. बी. टेक.च्या प्रोजेक्टमध्ये नाल्याच्या पाण्याचा बीओडी मोजला असेल तर तोही चालेल, मात्र त्यात काय अडचण आली आणि ती कशी सोडवली हे सांगा. प्राध्यापकांना लिहिताना त्यांचा एक शोधनिबंध खरोखर वाचा आणि त्यातली न कळलेली किंवा पुढे नेता येण्याजोगी एक गोष्ट दोन वाक्यांत विचारा. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या व्यक्तीकडून घेण्यापेक्षा ज्यांनी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिले आहे त्यांच्याकडून घ्या, आणि त्यांना किमान महिनाभर आधी सांगा.

पुढची प्रकरणे याच क्रमाने आहेत : आधी विषयाची ओळख, मग देशातले प्रवेश, मग परदेशातले, शेवटी पैसा आणि कागदपत्रे. रकमा, अटी आणि तारखा बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक गोष्ट त्या त्या संस्थेच्या अधिकृत सूचनेशी ताडून पाहावी.

वाचकांना दोन विनंत्या. हे पुस्तक क्रमाने वाचले नाही तरी चालेल, पण एखाद्या संस्थेचे नाव निवडण्याआधी आपला प्रश्न एका कागदावर चार ओळींत लिहून काढा. तो लिहिता येईपर्यंत पुन्हापुन्हा लिहा. आणि प्रवेश व विद्यावेतन मिळाल्यावर तुमच्या गावातून, तुमच्या कॉलेजातून जो पुढचा विद्यार्थी विचारायला येईल, त्याला उत्तर द्या. तुम्हाला मिळालेला पैसा ज्या सार्वजनिक तिजोरीतून आला, तिची परतफेड इथूनच सुरू होते. आपल्या नद्यांना, गावांना आणि शहरांना हे शास्त्र जाणणाऱ्या माणसांची गरज आहे, आणि ती माणसे श्रीमंत घरांतूनच यावीत असा कुठलाही नियम नाही. अर्ज करा.